बारा डॉलरचं काडतूस: टर्कीच्या हंगामाच्या नोंदी

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

वही उघडायचं कारण गेल्या एप्रिलमधलं आहे. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या क्रॉफर्ड काउंटीत एका ओळखीच्या शेतावर, ओकच्या झाडाला पाठ लावून बसलो होतो. समोर नर टर्की आला. अंतर अंदाजे चाळीस यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर. बार काढला. पक्षी कोलमडला, उठला, पंख फडफडवत उतारावरून गेला. मागे मूठभर पिसं. दोन तास शोधलं, मिळाला नाही. नंतर अंतर मोजलं तर बावन्न यार्ड. त्यानंतर त्या हंगामात बंदूक हातात घेतली नाही.

ज्याला त्याला हे सांगितलं, त्याने एकच सल्ला दिला: "टंगस्टन घे." म्हणून आज दुकानात गेलो. टंगस्टनच्या छऱ्यांच्या पाच काडतुसांचा डबा ६२ डॉलर. शेजारी राळेत बसवलेल्या शिशाच्या छऱ्यांचा दहाचा डबा २४ डॉलर. खालच्या फळीवर ससे-कबुतरांसाठीची साधी शिशाची, पंचवीस नग १९ डॉलर. म्हणजे एका बाराला १२.४०, २.४० आणि ०.७६. पहिल्या आणि शेवटच्यात सोळा पटींचा फरक. दिसायला तिन्ही प्लास्टिकच्या नळकांड्या, बुडाशी पितळ.

काउंटरवरचा म्हणाला, आत्ताच घेऊन ठेव. चीनने याच मंगळवारी टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे, आणि जगातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त टंगस्टन तिथूनच निघतं. विकणाऱ्याचं बोलणं म्हणून मी निम्मं सोडून देतो, पण बातमी खरी होती. तिन्ही डबे घेतले. साधी दोन, राळेची दोन, टंगस्टनचा एकच.

नोकरीत मी गुणवत्ता तपासतो. भागांची मापं घेणं आणि आलेख काढणं हाच धंदा. तेव्हा काडतुसांचंही तेच करायचं ठरवलं: मोजायचं, मग बोलायचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज फक्त वही आणि कॅल्क्युलेटर.

टर्कीची शिकार डोक्या-मानेवर नेम धरून करतात. छाती मांसाची आणि पिसांची ढाल आहे, तिथे छर्रे लागले तर पक्षी जखमी होऊन जातो आणि जेवणही नासतं. तेव्हा हवेत दोनच गुण: प्रत्येक छऱ्याने मणका किंवा कवटी भेदावी, आणि असे छर्रे पुरेसे संख्येने तिथे पोचावेत.

शिशाची घनता ११ च्या थोडी वर, पोलादाची ७.८, या टंगस्टन मिश्रधातूची सुमारे १८. छऱ्यांचे नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की छर्रा बारीक. पाच नंबर म्हणजे ०.१२ इंच, नऊ नंबर ०.०८. आत शिरण्याची ताकद ढोबळपणे घनता गुणिले मिलिमीटरमधला व्यास अशी धरली, तर पाच नंबर शिशाचे ३४ येतात, चार नंबर शिशाचे ३७ आणि नऊ नंबर टंगस्टनचेही ३७. हा आकडा बघून मी पेन खाली ठेवलं. मोहरीएवढा छर्रा चार नंबर शिशाच्या बरोबरीने आत जातो, आणि मिसूरीत टर्कीसाठी चार नंबरपेक्षा मोठा छर्रा चालतच नाही. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या सगळ्यात जाड शिशाएवढी ताकद या कणात आहे.

आता संख्या. पावणेदोन औंस, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम माल. पाच नंबर शिशाचे त्यात तीनशेच्या आसपास छर्रे बसतात, नऊ नंबर टंगस्टनचे सव्वासहाशे. ताकद तेवढीच किंवा थोडी जास्त, संख्या दुप्पट. बारा डॉलर कशाचे, तर याचे. जाहिरातीतली बाकीची विशेषणं सोडून दिली तरी चालेल.

ही काडतुसं २०१८ मध्ये फेडरल कंपनीने बाजारात आणल्यापासून साध्या दुकानांतही दिसू लागली. त्याआधी वेडे लोक टंगस्टनचे छर्रे मागवून काडतुसं घरी भरायचे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

शेतमालकाच्या मागच्या माळावर. थंडी कडक, वारा नाही. बंदूक बारा बोअरची (बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक), पंप, म्हणजे हाताने मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची, जुनी विकत घेतलेली. नळीच्या तोंडाला टर्कीसाठीचा आवळ चोक, म्हणजे छऱ्यांचा झोत आवळणारा तुकडा (६० डॉलर, हाही खर्चात धरायचा). चाळीस यार्डावर फ्रीजच्या खोक्याचे पुठ्ठे, मधोमध काळं टिंब, बंदूक वाळूच्या पिशवीवर.

साधी तीन, राळेची तीन, टंगस्टनची दोन. दोनवर थांबायला दोन कारणं, किंमत आणि खांदा. पावणेदोन औंसांचा माल साडेसात पौंडांच्या बंदुकीतून सोडला की खांद्याला बैलाने ढुशी दिल्यासारखं होतं. आठ बारांनंतर उजव्या हाताने थर्मासचं झाकण उघडेना.

दोन नगांवरून निष्कर्ष काढणाऱ्याला मी ऑफिसात परत पाठवतो. इथे चालवून घेतोय, याची नोंद.

रविवार, २३ फेब्रुवारी

पुठ्ठे दिवाणखान्यात पसरले. बायको म्हणाली, "पाहुणे यायच्या आत उचला हे." मोजायला लेक बसली. वय बारा, हातात तीन रंगांचे मार्कर. पद्धत नेहमीची: भोकांची सगळ्यात जास्त गर्दी जिथे असेल तिथे दहा इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. वर्तुळासाठी स्वयंपाकघरातलं पोळपाट घेतलं. मोजलं तर बरोबर दहा इंच भरलं, जणू याचसाठी कुडाळहून आणलं होतं.

साधी: ४४, ३७, ४१. राळेची: १२६, १३८, १२९. टंगस्टन: २४१, २६३.

इथल्या शिकाऱ्यांचा ठोकताळा असा की चाळीस यार्डावर दहा इंचांत शंभर छर्रे हवेत. शंभरच का, हे कोणी सांगत नाही. मी हिशोब करून बघितला. वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस इंच. टर्कीचा मेंदू आणि मानेचा मणका मिळून मी पाच चौरस इंच धरले. तिथे किमान तीन छर्रे लागले तर पक्षी जागेवर पडेल, असं मानलं. छर्रे जागोजाग नशिबाने पडतात, तेव्हा संभाव्यतेचं प्वासाँचं सूत्र लावलं. शंभर छर्रे असतील तर तीनपेक्षा कमी लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे कोणा जुन्याजाणत्याने पुठ्ठे फोडून-फोडून जो आकडा ठरवला, तो पंच्याण्णव टक्क्यांच्या खात्रीवरच येऊन बसतो. मला फार बरं वाटलं. बायकोला समजावलं, तिला बेताचंच बरं वाटलं.

त्याच सूत्राने: साधं काडतूस चाळीस यार्डावर निम्म्याहून जास्त वेळा अपुरं. राळेचं शंभरात एकदा. टंगस्टन जवळजवळ कधीच नाही.

यातली पायरी बघा. पाऊणवरून अडीच डॉलरवर गेलं की निम्म्याचा धोका एक टक्क्यावर येतो. अडीचवरून साडेबारावर गेलं की तो एक टक्का पुसला जातो. दहा डॉलर एका टक्क्याला.

इथे वही मिटणार होतो. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, पण सगळी भोकं टिंबाच्या वर आहेत."

खरंच. गर्दीचा मध्य टिंबापासून सात इंच वर आणि थोडा डावीकडे. आठही पुठ्ठ्यांवर. मी गर्दी शोधून तिच्याभोवती वर्तुळ काढत होतो. पण पक्षी काही गर्दी शोधून तिथे उभा राहत नाही, तो टिंबाच्या जागी असतो. पोळपाट टिंबावर ठेवून पुन्हा मोजलं. राळेची सरासरी १३१ वरून ५४. टंगस्टनची २५२ वरून १०४. साध्याची १७.

म्हणजे माझ्या हातात ही बंदूक असेपर्यंत अडीच डॉलरचं काडतूस तिनात एकदा फसतं, आणि टंगस्टन बरोबर त्या शंभराच्या ठोकताळ्यावर येतं. जे लोक "टंगस्टन घेतल्यापासून एक पक्षी गेला नाही" असं सांगतात, ते खोटं बोलत नसावेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या बंदुका सात इंच वर मारतात, ते मात्र त्यांनाही ठाऊक नसेल. माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या मण्यावर, डोळा ठेवून गाल दस्त्यावर जरा वर टेकला की एवढं चुकतंच.

शनिवार, १५ मार्च

रात्रभर भोंगे वाजत होते. कुटुंब, दोन शेजारी आणि त्यांचं मांजर तळघरात. राज्यात टॉर्नेडोंनी माणसं गेली. शेतमालकाला फोन केला, घर ठीक, गोठ्याचा पत्रा गेला. आज बंदुकीचं काही नाही. दुपारी पत्रे उचलायला गेलो.

शनिवार, २२ मार्च

११० डॉलरचं लाल टिंबाचं दर्शक बसवलं. माशी बघायची गरज नाही, काचेतलं टिंब जिथे तिथे छर्रे. जुळवायला साधी काडतुसं वापरली, पंचवीस यार्डावर नऊ बार. त्यांचं खरं काम हे आहे. शेवटी राळेचं एक चाळीसवर: टिंबाभोवतीच्या वर्तुळात १२७. झालं.

मग दोन प्रश्न उरले होते, दोन्ही टोकांचे.

पन्नास यार्ड. राळेची दोन, ७१ आणि ६५. टंगस्टनचं एक, १४९. सूत्राप्रमाणे राळेचं पाचात एकदा फसेल, टंगस्टन दोन-अडीचशेत एकदा. बारा डॉलर दहा यार्ड विकत देतात, हे कबूल. गेल्या वर्षीचा पक्षी बावन्नवर होता. टंगस्टन असतं तर तो पडला असता, यात मला शंका नाही. ही ओळ खोडायचा मोह झाला होता, राहू दे.

पंधरा यार्ड. राळेचं एक, टंगस्टनचं एक. पुठ्ठ्यात दोन्हीकडे संत्र्याएवढं खिंडार, टंगस्टनचं जरा लहान. म्हणजे जवळून हे छर्ऱ्यांचं काडतूस राहत नाही, जवळजवळ एकच गोळी होते. टर्कीचं डोकं एका जागी अर्धा सेकंदही राहत नाही. लांबसाठी जो चोक आणि जे काडतूस घ्यावं, तेच जवळून नेम चुकवतं. दुकानातल्या पाट्यांवर पन्नास-साठ यार्डांच्या बढाया असतात, पंधराबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

शनिवार, २९ मार्च

लेकीला यंदा यायचं आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स तिने हिवाळ्यात केला. बारा बोअर तिच्या खांद्याला झेपणार नाही. वीस बोअर हलकी असते, पण टंगस्टनची दीड औंसाची काडतुसं हलक्या बंदुकीतून बाराइतकाच धक्का देतात, हे लक्षात न घेता लोक मुलांना ती देतात आणि मुलं आयुष्यभर डोळे मिटून चाप ओढायला शिकतात. म्हणून फोर-टेन (.४१०). एकनळी, मोडून भरायची, उसनी आणलेली. सगळ्यात बारीक नळी.

तीस यार्ड. शिशाचं सहा नंबर (डबा १६ डॉलर): १०-इंची वर्तुळात ३४. याने टर्कीवर बार काढणं म्हणजे पाप. टंगस्टनचं नऊ नंबर (पाचचा डबा ३८ डॉलर, दोन घेतले): १४४ आणि १३४. चाळीसवर एक: ८३.

इथे सगळा हिशोब उलटा झाला. बारा बोअरमध्ये टंगस्टन चांगल्याला आणखी चांगलं करत होतं. इथे ते अशक्य गोष्ट शक्य करतंय. तेवीस ग्रॅम मालात तीनशेच्या जवळ छर्रे, आणि धक्का एवढा कमी की लेक म्हणाली, "झालं का?" तीन बार तिनेच काढले. मर्यादा ठरवली, पस्तीस यार्ड. तिने ती स्वतःच्या अक्षरात बंदुकीच्या पट्ट्यावर लिहिली.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. गुढी अपार्टमेंटच्या गॅलरीत, कडुनिंबाचा पाला भारतीय दुकानातला, गोठवलेला. सकाळी आण्णांना फोन. टंगस्टनचं सांगितलं.

"बारा डॉलर म्हणजे हजार रुपये? अरे, तेवढ्यात हंयसर गावठी कोंबो येता, सोललेलो!"

आमच्या आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू मोजून घालायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गज घालून ठासायचं. एक बार भरायला विडी ओढून होईल एवढा वेळ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि बंदूक रानडुकरांना आवाज काढून पळवण्यापुरती उरली. आण्णा म्हणाले, "तुझ्या आज्यान जनावर जवळ इल्याशिवाय कधी चाप ओढूक नाय. दुसरो बार होतोच खंय?"

हे ऐकून मी जरा गप्प झालो. माझ्या पंपात तीन मावतात.

शनिवार, ५ एप्रिल

पाऊस. मेरामेक नदी तांबडी, रस्त्यापर्यंत. टिपणीपुरतं: किमतीची कुरकुर करताना एक गोष्ट विसरतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने इथे काडतुसांवर उत्पादकाकडून अकरा टक्के कर घेतात आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. विसाव्या शतकाच्या मध्याला मिसूरीत टर्की नावापुरते उरले होते. पकडून दुसरीकडे नेऊन सोडत वाढवले, आणि १९६० मध्ये पहिला वसंत हंगाम पुन्हा उघडला. महाग डबा घेतला तर खात्याला जास्त मिळतात. हा बचाव बायकोसमोर चालला नाही.

शनिवार-रविवार, १२-१३ एप्रिल

मुलांचा शनिवार-रविवार, मोठ्यांचा हंगाम उघडण्याआधी. मी शेजारी रिकाम्या हाताने.

पहाटे पाचला अंधारात बसलो. रेडबड जांभळा फुललेला, डॉगवूड पांढरा. लेकीला लाल, पांढरं, निळं काहीही घालू दिलं नाही. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि जंगलात दुसरा कोणी बंदूकवाला असू शकतो. घुबड घुमलं, आणि दरीतून नराने उत्तर दिलं. हा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

शनिवारी काही नाही. रविवारी सातच्या सुमारास दोन नर शेताच्या कडेला आले, पिसारा फुलवून, माद्यांच्या मागे. मला वाटलं तीस-पस्तीस. अंतर मोजायचा मापक लेकीच्या गळ्यात होता. तिने बघितलं, कुजबुजली, "शेहेचाळीस." मी गप्प. पंधरा मिनिटं ते तिथेच मिरवले. मग माद्या गेल्या तिकडे गेले. गाडीत म्हणाली, "तू असतास तर मारलं असतंस ना?" पट्ट्यावरच्या आकड्याकडे बघत होती. मी मोरेल, म्हणजे रानातले मशरूम, कुठे उगवले असतील यावर विषय नेला. सहा मिळाले, तुपात परतले.

सोमवार, २१ एप्रिल

हंगामाचा पहिला दिवस, रजा टाकलेली. नळीत पहिलं काडतूस टंगस्टनचं, शेवटचं उरलेलं. मागे राळेची दोन. तर्क असा होता की पहिला बार हमखास हवा.

सव्वासहाला सूर्य वर. नर अपेक्षेपेक्षा फार लवकर आला, उजव्या बाजूने, आवाज न करता. मान वळवली तर तेरा यार्ड. इतका जवळ की छातीवरची दाढी वाऱ्यावर हलताना दिसली. टिंब डोक्यावर, चाप ओढला आणि त्याच क्षणी त्याने मान आत घेतली. मागच्या रोपट्यात मुठीएवढं भोक. तो उडून गेला, एकही पीस न सोडता. दुसरा बार काढता आला असता, उडत्या पक्ष्याच्या पाठीत. काढला नाही.

पंधरा यार्डाचा पुठ्ठा मी स्वतः मोजला होता. वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तरी साडेबारा डॉलर तेरा यार्डावर घालवले. शेतमालक म्हणाले, त्यांच्या तरुणपणी साध्या चोकने पंधरावर चुकायचं म्हटलं तरी अवघड होतं.

घरी आल्यावर टर्कीचा चोक काढून त्याच्याहून एक पायरी मोकळा बसवला. चाळीस यार्डावर राळेचं एक मारून बघितलं पाहिजे. बुधवारची भर: संध्याकाळी जाऊन आलो, ९८. दोन छर्ऱ्यांनी ठोकताळा हुकला. चालेल.

शनिवार, २६ एप्रिल

सात वाजून चाळीस मिनिटं. सत्तावीस यार्ड, मापकाने बघितलेले. राळेचं, २.४० डॉलरचं. जागेवर. दाढी दहा इंचांच्या थोडी आत, पायामागचे काटे इंचभर. अनुमतिपत्राला खाच पाडली, रात्री दहाच्या आत फोनवरून नोंद करायची असते ती तिथूनच केली.

सोलताना मोजलं: डोक्या-मानेत अकरा छर्रे. छातीत एकही नाही. शिसं पोटात जायची भीती असते, म्हणून मानेचा भाग सगळाच टाकला, सढळ हाताने. खाण्याच्या बाबतीत टंगस्टनची बाजू वरचढ आहे हे मान्य, विषारी नाही. पण ते पोलादाहून कठीण असतं, दाताखाली आलं तर दात जाईल.

छातीचं मालवणी वाटणात सुकं केलं. पाय शिजायला प्रेशर कुकरच्या पंधरा शिट्ट्या, तरी चिवट. रस्सा मात्र कोंबड्याच्या तोंडात मारेल असा.

शनिवार, ३ मे

लेकीचा. एकोणतीस यार्ड.

तिने बराच वेळ लावला. नर नकली मादीभोवती फिरत होता, मान खाली-वर. मी मनात "आता, आता" म्हणत होतो, आणि ती बोट चापाबाहेर ठेवून बसली होती. मग त्याने मान ताणून वर केली आणि थांबला. एवढासा आवाज. पक्षी बसल्यासारखा खाली गेला आणि पुन्हा हलला नाही. ती रडली थोडी. मी पाठीवर हात ठेवला. नंतर दोघांनी मिळून एकमेकांच्या अंगावरचे गोचीड शोधले, ते जास्त वेळखाऊ काम होतं.

तिने घरी येऊन स्वतः मोजलं. चौदा.

रविवार, ११ मे

हंगाम आज संपला. माझी दुसऱ्या पक्ष्याची परवानगी वापरली नाही, हवा तेवढा पाला वाढलाय आणि डास आले.

खर्च, कर सोडून: टंगस्टन बारा बोअर ६२, राळेची दोन डबे ४८, साधी दोन डबे ३८, चोक ६०, दर्शक ११०, फोर-टेन टंगस्टन दोन डबे ७६, फोर-टेन शिसं १६. बेरीज ४१०. लेकीने आधी बघितलं आणि हसायला लागली, मला समजायला वेळ लागला.

शिल्लक: राळेची अकरा, साधी अडतीस, फोर-टेन टंगस्टन सहा, फोर-टेन शिसं चोवीस. बारा बोअर टंगस्टन शून्य, आणायचं नाही. फोर-टेनचं मात्र किंमत वाढायच्या आत आणखी एक डबा घ्यायचा, आणि ती उसनी बंदूक परत करायच्या ऐवजी विकत मागायची. मालक देईल असं वाटतं. त्याचा मुलगा आता बारा बोअर वापरतो.

साध्यांची अडतीस राहिलीत, त्यांवर जूनमध्ये मातीच्या थाळ्या फोडू.

आण्णांना लेकीचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "बार किती?" मी लिहिलं, एक. दोन निळ्या खुणा दिसल्या, मग बऱ्याच वेळाने: "आजो खूश झालो असतो. आता तुझे किती ता सांग."